जनसुनावणीला जाताना विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट सोबत न्या

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानात शहरातला कचरा आणून त्यापासून खत आणि जळण तयार करायचा प्रकल्प येतोय. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्याचा अहवाल इंग्रजीत आणि जाडजूड, मराठीत नुसता सारांश. त्यात ‘भूजलावरील परिणाम नगण्य’ असं लिहिलंय. गावातली मंडळी म्हणतात, बहिष्कारच घालू. ताई, काय करावं? – एक शेतकरी वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : दादा, बहिष्कार घालू नका, ही कळकळीची विनंती. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत जनसुनावणीला गणपूर्तीची, म्हणजे किमान इतके लोक हजर हवेत अशी, अट नाही. गाव आलं नाही तरी सुनावणी होणार, प्रदूषण नियंत्रण मंडळ इतिवृत्त वर पाठवणार आणि त्यात तुमचा एक शब्दही नसणार. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरी पुण्याच्या कचऱ्यानं नासल्या, लोकांना टँकरवर दिवस काढावे लागले. तुमच्या गावाचा संताप मला पुरता कळतो. पण कागदावर तो ‘ग्रामस्थांनी विरोध केला’ एवढाच उरतो. नेमकी हरकत नोंदवलीत, तर कंपनीला अंतिम अहवालात तिची दखल घ्यावी लागते.

असा अहवाल हातात आला की मी आधी पाण्याच्या नमुन्यांचा तक्ता उघडते. पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. इंग्रजी वाचणारं गावातलं एखादं पोर सोबत न्या. तक्त्यात दोन गोष्टी बघा : नमुना कुठल्या विहिरीचा आणि कुठल्या महिन्यातला. गायरानाच्या उताराला ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांची नावं त्यात आहेत का? की सगळे नमुने चढाच्या अंगाचे? महिने बहुधा मार्च ते मे असतील, कारण पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी चालते. आणि कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, ज्याला अहवालात ‘लीचेट’ म्हणतात, ते सगळ्यात जास्त सुटतं भर पावसात! आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी भेगांमधून वाट काढतं, ते कुठल्या विहिरीत निघेल हे वरून दिसत नाही. म्हणून विचारा : लीचेटची टाकी किती लिटरची, सलग आठवडाभर झड लागली तर ती पुरेल का, भरून वाहिली तर पाणी कुठल्या ओढ्याला जाणार? कचऱ्याच्या ढिगावर छप्पर आहे का?

दुसरी गोष्ट, प्रक्रियेनंतर उरणारा निरुपयोगी कचरा. तो कुठं पुरणार, ते गट नंबरासकट मागा.

प्रकल्पच नको, असं माझं मत नाही. शहरानं आपल्या कचऱ्यावर प्रक्रिया केलीच पाहिजे. पण ओला-सुका वेगळा न केलेला कचरा तुमच्या दारात आणून टाकला, तर त्याचं खत धड होत नाही आणि जळणही. वर्गीकरण शहरातच व्हावं, ही अट मंजुरीतच घालायला लावा.

सुनावणीआधी उताराकडच्या विहिरींचं पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. क्लोराइड, नायट्रेट, विरघळलेले क्षार हे बघायला सांगाच. शिसं आणि कॅडमियमची तपासणी जमली तर फारच चांगलं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. उद्या पाणी बिघडलं, तर ‘ते आधीपासूनच तसं होतं’ या उत्तरापुढं तुमच्या हातात हाच कागद असेल. त्याची प्रत लेखी हरकतीला जोडा, पोच घ्या.

शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोवर कुणी उठू नका. मुद्दा गाळला असेल तर तिथंच उभं राहून सांगा, चित्रीकरण चालू असतं. पुढं मंजुरी निघालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायालयात, अपील करायला मुळात 30 दिवसच मिळतात. आपल्या भागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. तेव्हा वकील आत्ताच बघून ठेवा.