प्रतिकारशक्ती कोणाची?

एका पुणेकर वाचकाचा प्रश्न : ‘मुठेच्या पाण्यावरील लेखात “प्रतिजैविक प्रतिकारशक्ती” असे वाचले. ही शक्ती माणसाची की जंतूंची? ती वाढली तर वाईट का?’

जंतूंची. घोळ शब्दानेच घातला आहे. च्यवनप्राशाच्या जाहिरातींनी ‘प्रतिकारशक्ती’ शरीराची करून टाकली आणि ती वाढलेली बरी. तोच शब्द जिवाणूंना लावला की नदीचे पाणी पिऊन अंगात बळ येते की काय, असे वाटायचे! इथे ‘प्रतिरोध’ घ्यावा. मात्र समास असल्याने ‘प्रतिजैविक-प्रतिरोध’ असे जोडून लिहावे. सुटे लिहिले तर ‘प्रतिजैविक’ विशेषण वाटते. बोलताना अँटिबायोटिक खुशाल म्हणावे, पिंपरीच्या कारखान्याच्या नावातही तेच आहे.

खरे तर मराठीत नेमका वाक्प्रचार आधीपासून आहे : ‘दाद न देणे’. प्रयोगशाळेत तो डोळ्यांनी दिसतो. जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषध भिनवलेल्या, ६ मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात आणि प्लेट ३५ अंश सेल्सिअसच्या उबेत १६ ते १८ तास ठेवतात. जिवाणू दाद देणारे असतील तर चकतीभोवती स्वच्छ कडे उमटते. नसतील तर थेट चकतीला भिडून वाढतात. ‘कल्चर’च्या रिपोर्टात औषधापुढे ‘एस’ (दाद देतात) की ‘आर’ (दाद देत नाहीत) हे त्या कड्याचा व्यास मोजून ठरते.

‘पाण्यातील प्रतिरोध’ हीदेखील सैल रचना. पाण्यात असतात ते जिवाणू आणि त्यांची जनुके. सांडपाण्यात आतड्यातले जिवाणू, मातीतले जिवाणू आणि औषधांचे अंश एकत्र येतात. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवरून जनुके एका जातीकडून दुसरीकडे जातात. दिल्लीत नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ हे जिवाणूंना प्रबळ प्रतिजैविकांना दाद न देऊ देणारे जनुक आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. तिथे ‘जनुक आढळले’ असेच लिहायला हवे. असे जिवाणू पोटात गेले तर माणूस लगेच आजारी पडेलच असे नाही. ते आतड्यात गुपचूप राहतात. पुढे लघवीचा संसर्ग झाला किंवा शस्त्रक्रियेची जखम चिघळली, की नेहमीचे औषध चालत नाही.

‘विषाणूंचा प्रतिजैविक-प्रतिरोध’ मात्र साफ चूक; प्रतिजैविके विषाणूंवर चालतच नाहीत.

आणि प्रतिरोध नेहमी कशाला तरी असतो, तो ‘-ला’ गाळू नये. ‘प्रतिरोधी जिवाणू’ एवढेच वाचून लोकांना ते उकळूनही मरत नाहीत असे वाटते. प्रतिरोध औषधाला आहे, उष्णतेला नाही. पाणी १ मिनिट खळखळून उकळले की हे जिवाणूही इतरांसारखेच मरतात.