'स्क्रीबेरे': लिहिणे, नोंदणे, यादीत नाव चढवणे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅटिन 'स्क्रीबेरे' म्हणजे लिहिणे, एवढं कोशात सापडतं. मग सक्तीची सैन्यभरती म्हणजे कॉन्स्क्रिप्शन, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि मासिकाचं सबस्क्रिप्शन ही सगळी एकाच धातूची लेकरं कशी? शिवाय संस्कृत 'लिख्'शी त्याचं काही नातं आहे का? लॅटिन शिकताना मीही या शब्दापाशी बराच काळ थांबलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नात्याचं. 'लिख्' आणि 'स्क्रीबेरे' हे धातू वेगळे आहेत. साम्य आहे ते अर्थाच्या प्रवासात. 'लिख्'चा जुना अर्थ ओरखडणे, उकरणे. 'स्क्रीबेरे'च्या मुळाशीही कापणे, ओरबाडणे हाच अर्थ आहे. आधी टोकदार वस्तूने खरवडणं आलं, अक्षरं मागाहून आली. ज्या आदिम धातूपासून 'स्क्रीबेरे' आला असं बरेच अभ्यासक मानतात, त्याच 'कापणे'वाल्या कुळात संस्कृत 'कृत्' आणि 'कर्तरी'ही बसतात. म्हणजे दूरचं नातं शोधायचंच असेल तर ते लेखणीशी नाही, कात्रीशी निघतं. शब्द रोमनांनी ग्रीकांकडून उचललेला नाही. इटलीतल्या ऑस्कन आणि अंब्रियन या लॅटिनच्या बहिणींमध्येही तो आहे.

आता मुख्य मुद्दा. आज 'लिहिणे' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लेखक येतो. रोमनाच्या कानाला 'स्क्रीबेरे' ऐकताना यादी, वही आणि फलकही तितकेच जवळचे होते. नाव लिहिलं गेलं की माणसाची कायदेशीर अवस्था बदलायची. हे एकदा लक्षात घेतलं की तुमच्या यादीतले बहुतेक शब्द आपोआप उलगडतात.

'मीलितेस स्क्रीबेरे' म्हणजे सैनिकांबद्दल लिहिणे नव्हे, तर सैनिकांची नावं पटावर घेणे. त्याला 'कॉन्' म्हणजे 'एकत्र' जोडलं की कॉन्स्क्रीबेरे, आणि त्यातून सक्तीची भरती. 'हेरेदेम स्क्रीबेरे' म्हणजे मृत्युपत्रात वारस नेमणे. सेनेटच्या सभासदांना 'पात्रेस कॉन्स्क्रिप्ती' म्हणत. रोमन इतिहासकार लिव्हीने त्याचं कारण दिलं आहे: इ. स. पू. 509 च्या सुमारास राजेशाही गेली, तेव्हा रोडावलेल्या सेनेटमध्ये नवी माणसं भरली आणि ती 'यादीत घेतलेली' म्हणून ओळखली गेली. साम्राज्याच्या शेवटच्या शतकांत याच धातूचा 'आदस्क्रिप्तिकियुस' हा शब्द दिसतो. तो जमिनीला बांधलेल्या कुळासाठी होता. त्याचं नाव मालकाच्या जमिनीच्या करनोंदीत चढलेलं असे, त्यामुळे त्याला ती जमीन सोडून जाता येत नसे.

सगळ्यात भयंकर अर्थ 'प्रोस्क्रीबेरे'चा. मुळात तो अगदी साधा शब्द होता, 'समोर लिहून लावणे'. भाड्याने घर द्यायचं आहे, मालमत्तेचा लिलाव आहे, अशा जाहीर सूचनेसाठी तो वापरत. इ. स. पू. 82 मध्ये सुल्ला या सेनापतीने रोम ताब्यात घेतल्यावर शत्रूंच्या नावांची यादी फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, लावली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की पहिल्या यादीत 80 नावं होती आणि पुढच्या दोन दिवसांत शेकडो वाढली. ज्याचं नाव लागलं त्याला कोणीही मारावं आणि बक्षीस घ्यावं. मालमत्ता जप्त होई, मुला-नातवंडांना सरकारी पदं बंद होत. इ. स. पू. 43 मध्ये अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस यांनी हीच पद्धत पुन्हा वापरली आणि त्या यादीवरून 7 डिसेंबरला प्रसिद्ध वक्ता सिसेरो मारला गेला. लिलावाच्या पाटीचा शब्द माणसांच्या यादीला लागला. मला हा या धातूच्या इतिहासातला सगळ्यात काळा क्षण वाटतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक धनगरी अर्थ आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. 'स्क्रिप्तूरा' म्हटलं की आपल्याला बायबल आठवतं. पण जुन्या रोमन कारभारात 'स्क्रिप्तूरा' हा सरकारी कुरणावर जनावरं चारण्याचा कर होता. मेंढपाळाने कर गोळा करणाऱ्या मक्तेदाराकडे जाऊन आपली जनावरं लिहवून घ्यायची, म्हणून करालाच 'लेखन' हे नाव पडलं. रोमन लेखक व्हारो सांगतो की दक्षिण इटलीतल्या अपुलियातल्या मेंढ्या उन्हाळ्यात लांब सॅम्नियमच्या डोंगरांत नेत आणि आधी मक्तेदाराकडे नोंदवत, कारण 'इन्स्क्रिप्तुम पेकुस' (पेकुस म्हणजे जनावरं) चारलं तर कायद्याचा भंग होई. इथे 'इन्स्क्रिप्तुम' म्हणजे 'वर लिहिलेलं' नव्हे, 'न लिहिलेलं'. लॅटिनमध्ये 'इन्' हा उपसर्ग 'आत, वर' असाही आहे आणि 'नाही' असाही, त्यामुळे एकाच रूपाचे दोन विरुद्ध अर्थ होतात. कोश वापरताना इथे बरेच जण चकतात.

मग हे सगळं लिहायचं कोण? 'स्क्रीबा', म्हणजे पगारी सरकारी कारकून. हिशेब आणि दप्तर त्याच्या हातात, म्हणून सत्ताही काही प्रमाणात त्याच्या हातात. ग्नायुस फ्लावियुस हे याचं उत्तम उदाहरण. मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा, पेशाने स्क्रीबा. कोणत्या दिवशी न्यायालयाचं काम चालतं आणि दावा कोणत्या शब्दांत मांडायचा, हे तोवर पुरोहितवर्गाने स्वतःपाशी ठेवलं होतं. त्याने ते सगळ्यांसाठी उघड केलं आणि तारखांचं पत्रक फोरममध्ये पांढऱ्या फळ्यांवर लावलं. इ. स. पू. 304 मध्ये तो एडील या शहर-कारभाराच्या पदावर निवडून आला. तो अजून कारकुनी करतो म्हणून निवड मान्य होईना, तेव्हा त्याने लिहिण्याची पाटी खाली ठेवली आणि यापुढे 'स्क्रिप्तुम' करणार नाही अशी शपथ घेतली. इथे 'स्क्रिप्तुम' म्हणजे कारकुनी. कवी होरेसबद्दलही हाच शब्द येतो. इ. स. पू. 42 च्या फिलिपीच्या लढाईत त्याची बाजू हरली, पुढे त्याने खजिन्याकडचं 'स्क्रिप्तुम' मिळवलं. एवढा मोठा कवी, पण पोटासाठी सरकारी दप्तरात होता.

मोठ्या लोकांनी साहित्य स्वतःच्या हाताने लिहिणं तितकंसं रूढ नव्हतं. ते सांगत आणि लेखनिक उतरवून घेई. सांगण्याला शब्द 'दिक्तारे'. मध्ययुगात तोच 'रचना करणे' या अर्थाने चालू लागला आणि जर्मनमध्ये कवीला 'डिश्टर' म्हणतात तो त्यातूनच.

स्वतःच्या हाताचं लिखाण कुठे येई ते पाहायचं तर इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा या रोमन छावणीत सापडलेल्या पातळ लाकडी पत्रांकडे जा. 1973 पासून ती मिळत गेली. इ. स. 100 च्या सुमारास क्लाउदिया सेव्हेरा हिने आपल्या मैत्रिणीला, सुल्पिकिया लेपिदिनाला, 11 सप्टेंबरच्या वाढदिवसाचं आमंत्रण धाडलं. मजकूर लेखनिकाच्या अक्षरात आहे. खाली मात्र सेव्हेराने स्वतः चार शब्द जोडलेत: मी तुझी वाट पाहीन, ताई, सुखी राहा. तिचं अक्षर लेखनिकाइतकं सराईत नाही, म्हणूनच ते वाचताना गळा दाटून येतो. बाईच्या हातचं लॅटिन लेखन म्हणून जे सगळ्यात जुने नमुने आज आपल्याकडे आहेत, त्यांत ते गणलं जातं. असं 'खाली लिहिणं' म्हणजे सुब्स्क्रीबेरे. त्यावरून सही करणे, सही करून पैशांचं वचन देणे आणि शेवटी वर्गणी. आपल्या दलाल स्ट्रीटवर शेअरला जे 'स्क्रिप' म्हणतात, तेही इंग्रजीत 'सबस्क्रिप्शन रिसीट'चं आखडलेलं रूप आहे.

प्रिस्क्रिप्शनची वाट कोर्टातून जाते. प्रेस्क्रीबेरे म्हणजे 'आधी लिहिणे, माथ्यावर लिहिणे'. त्यातून एकीकडे 'असं करा' हे फर्मावणं आलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिथून आली. दुसरीकडे, रोमन दाव्याच्या मसुद्याच्या वर जो आक्षेप लिहीत तो प्रेस्क्रिप्तियो. जमीन 10 वर्षं, किंवा पक्षकार वेगवेगळ्या प्रांतांत राहत असतील तर 20 वर्षं, प्रामाणिकपणे ताब्यात असेल तर असा आक्षेप घेता येई. दीर्घ वहिवाटीने मिळणाऱ्या हक्काला वकील आजही 'प्रिस्क्रिप्शन' म्हणतात ते यामुळे.

भिंतीवर लिहिणाऱ्या रंगाऱ्यालाही रोमन भाषेत 'स्क्रिप्तोर'च म्हणत. पॉम्पेईत ग्लॅडिएटरांच्या खेळाच्या एका जाहिरातीपाशी त्याने सही केली आहे: हे एमिलियुस केलेरने लिहिलं, एकट्याने, चांदण्यात. इ. स. 79 च्या ज्वालामुखीने ते राखेखाली जपलं. आणि 'स्क्रिप्तुम'चा अर्थ नुसती 'रेघ' असाही होतो, म्हणून सोंगट्यांच्या एका रोमन खेळाचं नाव 'बारा रेघांचा खेळ'.

पुढचा प्रवास झपाट्याने सांगतो. इटालियन 'स्क्रीव्हेरे', स्पॅनिश 'एस्क्रिबीर', फ्रेंच 'एक्रीर', रोमानियन 'स्क्रिए' ही सरळ मुलं. जर्मन 'श्रायबेन', आयरिश 'स्क्रीव्ह' हे उसने घेतलेले. इंग्रजीने लिहिण्यासाठी स्वतःचा 'राइट' राखला (त्याचाही मूळ अर्थ ओरखडणेच), पण 'स्क्रीबेरे' तिथे 'श्राइव्ह' होऊन शिरला: पाप कबूल करणाऱ्याला पाद्रीने प्रायश्चित्त नेमून देणे. 'श्रोव्ह ट्यूझडे' या सणाच्या नावात तो अजून आहे.

आणि पोर्तुगीज 'एस्क्रिव्हांव' तर आपल्या शेजारीच आला. गोव्याच्या गावकारीत, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेत, दप्तर सांभाळणारा कुळकर्णी असे. पोर्तुगीज अमलात कोमुनिदादीच्या (गावकारीचं पोर्तुगीज नाव) त्या कारकुनाला एस्क्रिव्हांव म्हणू लागले. गावाची जमीन कोणाकडे, खंड किती, गांवकार (गावकारीचे सभासद) कोण, हे तो लिहून ठेवी. म्हणजे इथेही हा शब्द आला तो नोंदवहीच्या कामासाठीच.