वळवाच्या पावसानंतर दिव्यावर कोण आलं?

प्रश्न : वळवाचा पाऊस झाला की दिव्याभोवती पंखवाली वाळवी आणि तपकिरी भुंगेरे दोन्ही घोंगावतात. गेल्या वर्षी उसाची बेटं वाळली. दोन्ही किडे दिव्यावरच मारले तर भागेल का?
– एक ऊस उत्पादक, माळशिरस

उत्तर : वाळवीमागे धावू नका, भुंगेरे मात्र सोडू नका.

पंखवाली वाळवी म्हणजे वारुळानं उधळलेलं बियाणं. बहुतेक त्याच रात्री पाली-बेडकांच्या पोटात जाते. सकाळी उंबऱ्याशी पंखांचा ढीग दिसतो ना, ते पंख मुळाशी ठरलेल्या रेषेवरच तुटतात. वाचलेली जोडी मातीत शिरते. ही सगळी मेली तरी वारुळाचं काही बिघडत नाही, कारण राणी खाली वर्षानुवर्षं अंडी घालत असते. वरचा ढिगारा फोडून राणी हाती लागली नाही, तर कामकरी तो पुन्हा लिंपून घेतात.

ते तपकिरी भुंगेरे म्हणजे हुमणीचे; मुळं खाणारी हुमणी ही त्यांचीच अळी. हुमणीला ना वारूळ, ना राणी. वर्षाला एकच पिढी, आणि ती पिढी म्हणजे हेच भुंगेरे. मादी ओल्या मातीत सुट्टी सुट्टी 50-60 अंडी घालते. अळीची तिसरी अवस्था सर्वांत लांब, सुमारे साडेचार महिन्यांची. मुळं फस्त होतात ती तेव्हाच. त्यामुळे अंडी घालण्याआधी मारलेली मादी सगळ्यात स्वस्त.

पहिल्या चांगल्या पावसानंतर रोज तिन्हीसांजेनंतर, साडेसात ते नऊच्या सुमारास, कडुनिंब आणि बाभळीखाली ताडपत्री अंथरा. काठीनं फांद्या झोडपा, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. हे दोन-तीन आठवडे चालू ठेवा. नुसत्या प्रकाश सापळ्यावर विसंबू नका, कारण भुंगेरे पाला खायला आणि मीलनाला झाडांवर जमतात. सापळा रात्रभर जळत ठेवला तर मित्रकीटकही मरतात. शेजाऱ्यालाही बरोबर घ्या. भुंगेऱ्याला बांध कळत नाही.

मेटारायझियम ही अळीला रोग लावून मारणारी बुरशी एकरी 10 किलो, शेणखतात मिसळून, अळ्या लहान असताना द्या. माती कोरडी असेल तर ती रुजत नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात अळी मोठी झाल्यावर बुरशीचा फारसा उपयोग होत नाही.

आता गेल्या वर्षीचं. वाळलेलं बेट अलगद उपटून आलं, मुळं नाहीशी आणि खाली चंद्रकोरीसारखी वाकलेली पांढुरकी अळी, तर ती हुमणी. कांडी आतून पोखरून मातीनं भरलेली असेल, तर वाळवी.