उचलून आणलेली वस्तू विकायची म्हणजे: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रस्त्यावर टाकून दिलेल्या वस्तू उचलून, दुरुस्त करून विकायच्या कामाबद्दल लिहिलं होतं त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमत नाहीये म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच इथे घेतेय.

प्रश्न: ताई, रस्त्याच्या कडेला ठेवलेलं ड्रॉवरचं कपाट मी आणि भावाने उचलून आणलं, दोन दिवस घासलं, छान रंग दिला आणि विकलं. महिन्याभरात ते खालून फुगलं आणि घेणाऱ्याने परत आणून दिलं. लाकूड चांगलं आहे का हे तिथे उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

उत्तर: खालून फुगलं म्हणजे ते लाकूड नव्हतंच हो, भुसा आणि गोंद दाबून केलेला बोर्ड होता आणि वरून लाकडाच्या रेषा छापलेला कागद. अशा बोर्डात एकदा पाणी शिरलं की भुसा फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही, मग त्याला कितीही चांगला रंग द्या. रस्त्यावर ठेवलेल्या वस्तूचे पायच ओल्या जमिनीला टेकलेले असतात, म्हणून मी आधी पाय बघते, मग पाठ, मग ड्रॉवर बाहेर काढून आतलं, आणि समोरचा चकचकीत भाग अगदी शेवटी. कारण समोरचा भाग सगळेच छान करतात, पाठ मात्र खोटं बोलत नाही.

खऱ्या लाकडाची खूण अशी की वरच्या रेषा कडेपर्यंत येतात आणि तिथेही लाकूडच दिसतं, आडव्या कापाला बारीक भोकं किंवा वर्तुळांचे तुकडे दिसतात. छापील असेल तर कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असते आणि कोपऱ्यात ती उचकटलेली असते. ड्रॉवरचा कोपरा बघा, दोन फळ्या बोटांत बोटं अडकवल्यासारख्या एकमेकींत बसवल्या असतील तर करणाऱ्याने मन लावून केलंय, ते वजनाला जड असलं तरी उचला. नुसते खिळे किंवा पिना मारलेल्या असतील आणि स्क्रूची भोकं मोठी होऊन ढिली झाली असतील तर सोडून द्या.

मग कीड. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल तर आत अळी अजून खातेय असं धरा. भोकं जुनी, काळपट आणि भुकटी नाही तर कदाचित कीड केव्हाच उडून गेलीय, पण नुसतं बघून खात्री होत नाही. मी अशी वस्तू बाकी सामानापासून लांब, काळ्या कागदावर काही आठवडे ठेवते. कागदावर नवीन भुकटी पडली की कळतं. या अळ्या लाकडात वर्ष वर्ष राहतात, त्यामुळे आठ दिवस काही दिसलं नाही म्हणून घाईने विकू नका.

आणि घासण्याबद्दल. आधी कोमट पाणी, थोडा साबण, घट्ट पिळलेलं फडकं, एवढ्यावरच निम्म्या वस्तू चांगल्या दिसायला लागतात. सुरुवातीला मी हातात मशीन आलं म्हणून एक सुंदर टेबल घासायला घेतलं आणि पाच मिनिटांत वरचा लाकडाचा पातळ थर फाटून खालचा हलका बोर्ड दिसला. तो थर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, ते टेबल मी कायमचं खराब केलं याचं आजही वाईट वाटतं. जुन्या वस्तूवर रंगाचे चार-पाच थर असतील तर कोरडं घासूच नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली तीच 1978 साली, कितीतरी देशांत त्याच्याही नंतर. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट, आणि एकदा घरात पसरली की झाडूने जात नाही उलट उडते.

कपाट परत आणणाऱ्या त्या माणसाला पैसे परत दिलेत ना? दिले असतील तर चांगलं केलंत.

प्रश्न: ढेकणांची भीती वाटते. आई म्हणते घरात एक खुर्ची आणलीस तरी सगळ्यांची झोप जाईल. काही खात्रीचा उपाय आहे का?

उत्तर: आईचं बरोबर आहे, ही भीती असलीच पाहिजे. खात्रीचा उपाय म्हणजे दाराबाहेर तपासणं. मोठा ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, सफरचंदाच्या बीएवढा, तो दिसतो. पण अंडं मिलिमीटरभर आणि पांढरं, ते शिवणीत बसलं की चष्मा लावूनही सुटतं. म्हणून ढेकूण शोधण्यापेक्षा त्याचे डाग शोधा, शाईचं पेन टेकवल्यासारखे काळे ठिपके, कापडाच्या शिवणीत, स्क्रूच्या भोकात, खुर्चीच्या खालच्या कापडामागे. टॉर्च आणि एखादं जुनं एटीएम कार्ड जवळ ठेवा, कार्ड फटीतून फिरवलं की आत काय आहे ते बाहेर येतं.

गादी आणि कापडी सोफा मी कधीच उचलत नाही, किती का नवा दिसेना. काही महिने रक्त न पिताही ढेकूण जिवंत राहतो, त्यामुळे वस्तू गॅलरीत पंधरा दिवस ठेवली की झालं असं समजू नका. कपडे, पडदे, उशांचे अभ्रे गरम ड्रायरमध्ये फिरवता येतात, 50 अंशांच्या वर गरमी कापडाच्या आतपर्यंत पोचली आणि तिथे टिकली की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. पुस्तकं, छोट्या वस्तू पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये निदान चार दिवस. पूर्ण लाकडी खुर्ची असेल तर सुटी करून प्रत्येक सांधा पुसता येतो, तेवढी मेहनत करायची नसेल तर आईचं ऐका.

प्रश्न: लहान मुलांचा पाळणा, गाडीत लावायची सीट, सायकलचं हेल्मेट अशा वस्तू खूप मिळतात आणि लगेच खपतात. विकाव्यात का?

उत्तर: नाही. हेल्मेटच्या आतला फोम एकदाच मार खातो, एकदा दबला की परत उपयोग नाही आणि बाहेरून ते दिसत नाही. गाडीतली सीट अपघातातून आलेली आहे का हे तुम्हाला माहीत नसतं. एक बाजू खाली सरकणारे पाळणे तर अमेरिकेने 2011 मध्ये बंदच केले, त्या सरकत्या बाजूत अडकून बाळं दगावली होती. खपतात हे कारण इथे चालत नाही.

प्रश्न: कोणी टाकलेलं म्हणजे कोणाचंच नाही, मग उचललं तर बिघडलं कुठे? आणि गिऱ्हाईकाला हे रस्त्यावरून आणलंय असं सांगायलाच हवं का? सांगितलं की भाव पडतो.

उत्तर: पहिल्या वाक्यालाच थांबवते. टाकलेलं म्हणजे कोणाचंच नाही हे सगळीकडे खरं नसतं. बऱ्याच शहरांत कचरा म्हणून बाहेर ठेवलेली वस्तू नगरपालिकेची किंवा उचलणाऱ्या कंत्राटदाराची होते, काही ठिकाणी खुशाल नेऊ देतात, काही ठिकाणी दंड होतो. आपल्या गावचा नियम पालिकेला एकदा विचारून घ्या. शिवाय कुंपणाच्या आत ठेवलेलं आणि बाहेर ठेवलेलं यात फरक आहे, आणि घर बदलणाऱ्या माणसाने टेम्पोची वाट बघत ठेवलेलं सामान तर टाकलेलं नसतंच. शंका आली तर बेल वाजवा. मी विचारते, आणि खरं सांगायचं तर विचारल्यामुळेच मला जास्त मिळालंय, लोक आतून अजून दोन वस्तू आणून देतात आणि ती कोणाची होती, किती वर्षं वापरली हेही सांगतात.

रुफिनो तामायो या मेक्सिकन चित्रकाराच्या एका चित्राचं बघा. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या फुटपाथवर कचऱ्याच्या पिशव्यांमध्ये एका बाईंना ते दिसलं, आवडलं म्हणून घरी नेलं, भिंतीवर लावलं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की ते 1987 मध्ये ह्यूस्टनमध्ये चोरीला गेलेलं होतं. त्यांनी ते मूळ मालकाच्या कुटुंबाला परत केलं. 2007 मध्ये लिलावात ते दहा लाख डॉलर्सच्या वर गेलं आणि या बाईंना बक्षीस आणि विक्रीतला काही हिस्सा मिळाला. मला यात पैशांपेक्षा ती चौकशी महत्त्वाची वाटते. कचऱ्यात सापडलं म्हणून चोरीचा माल तुमचा होत नाही. सायकल, वाद्य, कॅमेरा, चित्र अशा वस्तूंवर नंबर किंवा सही असते, विकण्याआधी ते तपासा आणि संशय आला तर पोलिसांकडे द्या.

आता गिऱ्हाईकाला सांगायचं का. हो, सांगायचंच. भाव पडतो हे खरंय, पण सगळ्यांसाठी नाही पडत. मी वस्तूबरोबर एक चिठ्ठी देते, कुठल्या अवस्थेत मिळाली, मी काय काय बदललं, कुठला ओरखडा तसाच ठेवलाय, कीड होती का. फोटोतही ओरखडा मुद्दाम जवळून दाखवते. त्यामुळे काहीजण घेत नाहीत, पण जे घेतात ते परत येत नाहीत भांडायला, परत येतात ते दुसरी वस्तू घ्यायला. लपवून विकलेली वस्तू फुगली की काय होतं ते वरच्या पत्रात आहेच.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे. मला एक लॅपटॉप, एक बंद मायक्रोवेव्ह आणि वायरींचं गुंडाळं मिळालंय. मित्र म्हणतो मायक्रोवेव्ह उघडून बघू, वायरी जाळून तांबं काढू. लॅपटॉप चालू होतो, आत कोणाचे तरी फोटो आहेत.

उत्तर: मित्राला दोन्ही गोष्टींना नाही म्हण. मायक्रोवेव्हमध्ये एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग असतो, प्लग काढल्यावरही त्यात दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक राहू शकतो, माणूस मरायला तेवढा पुरतो. जुन्या, मागे फुगीर असलेल्या टीव्हीच्या नळीत तर वीस हजार व्होल्टच्या वर असतो. शिकलेल्या मेकॅनिकशेजारी बसून शीक आणि मगच उघड. वायरीवरचं प्लास्टिक जाळलं की डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात, तुझ्या छातीत जातात आणि शेजाऱ्यांच्याही. वायर सोलायला वेळ लागतो पण सोललेलं स्वच्छ तांबं जळक्या तांब्यापेक्षा चांगल्या भावाने जातं.

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली वाटली, खालचं झाकण उचललेलं दिसलं, तर चार्ज करू नकोस, टोचू नकोस, घरात ठेवूच नकोस, बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रात नेऊन दे. आणि ते फोटो बघणं इथेच थांबव. त्या माणसाचं नाव किंवा ईमेल लॉगिन स्क्रीनवर दिसत असेल तर तेवढ्यावरून त्याला कळव, खूपदा लोकांना माहीतही नसतं की आत काय राहिलंय. कोणी सापडलं नाही तर विकण्याआधी डिस्क पुसावी लागेल, आणि नुसतं डिलीट करून किंवा झटपट फॉरमॅट करून ती पुसली जात नाही, साधं सॉफ्टवेअर वापरून फायली परत काढता येतात. जुन्या फिरत्या डिस्कवर सगळीकडे नव्याने लिहावं लागतं, एसएसडी म्हणजे न फिरणारी नवी डिस्क असेल तर तिला पुसायची स्वतःची इरेजची आज्ञा असते. जमत नसेल तर डिस्क काढून घेऊन बाकीचा लॅपटॉप विक, गिऱ्हाईक नवी टाकेल. फोन मिळाला आणि तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागत असेल तर तो उघडून देणाऱ्या दुकानात जाऊ नकोस, खूपदा असा फोन हरवलेला असतो, टाकलेला नाही.

प्रश्न: कचरा वेचून पोट भरणारी माणसं रोज बघतो. आपण नोकरी करून वर हे करायचं म्हणजे त्यांच्या ताटातलं घेण्यासारखं नाही का? हा विचार आला की हात मागे येतो.

उत्तर: हा विचार तुम्हाला येतो याचा मला आनंद वाटतो. वेचणाऱ्यांचं पोट वजनावर चालतं, धातू, पुठ्ठा, बाटल्या, कागद. मोठं कपाट किंवा तीन पायांची खुर्ची त्यांना नेता येत नाही, ठेवायला जागा नसते, विकायला महिनाभर थांबणं परवडत नाही. म्हणून मी स्वतःपुरती रेघ आखलीय, वजनावर विकलं जाणारं काहीही मी उचलत नाही. दुरुस्तीत निघालेलं लोखंड, पितळ, पुठ्ठा त्यांनाच देते, आणि बंद पिशवी कधी फाडत नाही, कारण फाटलेल्या पिशवीतून पसरलेला कचरा शेवटी त्यांच्याच नावावर लागतो.

रस्ते स्वच्छ करायची किंमत त्यांनी मोजायची हे जुनंच आहे. 1883 च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसचे प्रीफेक्ट, म्हणजे तिथला कारभार बघणारे सरकारी अधिकारी, यूजेन पुबेल यांनी प्रत्येक इमारतीने झाकणाचे डबे ठेवायचे असा हुकूम काढला. रस्ते स्वच्छ व्हावेत हा हेतू चांगलाच होता, पण रात्री रस्त्यावरच्या ढिगांतून चिंध्या, हाडं, कागद वेचणाऱ्या हजारो माणसांचं काम त्या झाकणाखाली गेलं आणि त्यांनी जोरात विरोध केला. आजही फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला पुबेलच म्हणतात, वेचणाऱ्यांपैकी मात्र कोणाचं नाव आपल्याला माहीत नाही.

तुमच्या रस्त्यावर रोज येणाऱ्या माणसाशी आधी बोला. मी बोलले तेव्हा त्या मावशींनी मला सांगितलं की कुठल्या गल्लीत महिन्याच्या शेवटी लोक घरं बदलतात, कुठे लाकडी सामान बाहेर येतं. त्यांनी दाखवलेल्या वस्तूतला ठरलेला वाटा मी त्यांना देते, आणि तो वस्तू विकल्यावर नाही तर उचलतानाच देते.