पाणी-प्रश्न : जमिनीखाली विरघळलेल्या युरेनियमचे काय होते?

प्रश्न : आमच्याकडे खनिजाचा पिट बंद पडला की लाल गाळ तळाला बसतो आणि वर निवळ पाणी दिसते. जमीन न खोदता बोअरमधून युरेनियम काढतात, तिथलेही भूजल असेच आपोआप निवळते का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. गाळ बसतो, विरघळलेले युरेनियम बसत नाही. ते पाणी दिसायला अगदी नितळ असते, हाच मोठा धोका.

या पद्धतीत वाळूच्या खडकातल्या पाण्यात प्राणवायू आणि बायकार्बोनेट सोडतात. युरेनियमचे ऑक्सिडीकरण होते, ते कार्बोनेटला धरून विरघळते आणि पंपाने वर येते. काम थांबले तरी तेच द्रावण खडकाच्या छिद्रांत राहते, सोबत सुटलेले सेलेनियम, आर्सेनिकही. (भारतात असे खाणकाम होत नाही, झारखंडातली जादूगोडा ही भुयारी खाण आहे.)

हिशेब छिद्रांतल्या पाण्याचा करायचा. 1 हेक्टरचा, 5 मीटर जाडीचा थर आणि 30 टक्के छिद्रे धरली तर 15,000 घनमीटर, म्हणजे दीड कोटी लिटर. एकदा उपसून भागत नाही, हे पाणी कित्येकदा फिरवावे लागते. वर आलेले पाणी आरओतून गाळून परत खाली सोडतात. मागे उरलेले खारट पाणी अस्तर घातलेल्या बाष्पीभवन तळ्यात किंवा फार खोल बोअरमध्ये जाते.

चूक होते ती परत सोडताना. आरओच्या पाण्यात हवा मुरलेली असते. ती काढली नाही तर त्यातला प्राणवायू उरलेसुरले युरेनियम पुन्हा विरघळवतो. म्हणून आधी हवा काढायची, मग सोडियम सल्फाइडसारखे क्षपणक (ऑक्सिडीकरण उलटवणारे रसायन) मिसळायचे, की युरेनियम पुन्हा खडकावर घट्ट बसते. चिकणमातीच्या पट्ट्यांत मात्र हे पाणी नीट पोहोचत नाही. पंप थांबल्यावर तिथून युरेनियम हळूहळू झिरपत राहते. म्हणूनच शेवटी पंप बंद ठेवून दर तिमाहीला नमुने घेतात. आकडा चढू लागला की पुन्हा पंप चालू. अमेरिकेत टेक्ससमधल्या अनेक क्षेत्रांत सगळे घटक मूळ पातळीवर परतले नाहीत आणि मर्यादाच सैल करून घेतल्या गेल्या. आमच्या मते याला पाणी पूर्ववत झाले असे म्हणता येत नाही.

मूळ पातळी कळते ती खाण सुरू होण्याआधीच्या नोंदीवरूनच. तुमच्या विहिरीचीही अशी नोंद आजच करून ठेवा. बोअर असेल तर सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंत पाणी वाहू द्या. युरेनियमसाठीचा नमुना 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून बाटलीत घ्यायचा आणि नायट्रिक आम्लाने सामू 2 च्या खाली आणायचा; ही बाटली प्रयोगशाळेकडूनच आम्ल घालून मागवा. अल्कता (पाण्यातले बायकार्बोनेट वगैरे) मोजायची बाटली वेगळी, तिच्यात आम्ल घालायचे नाही. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे.