हापूसच्या पेट्यांसाठी वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्यायची आहे, मजकूर आणि मांडणी कशी ठेवू?

रत्नागिरीकडचे बागायतदार आहात आणि दोन कॉलम गुणिले दहा सेंटीमीटर जागा घेतली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी मजकूर कापा. बागेचा फोटो, आजोबांचा फोटो, 'अस्सल', 'खात्रीशीर', सहा फोन नंबर हे सगळं तळहाताएवढ्या जागेत कोंबलं की नजर पुढे सरकते.

मथळ्यात तुमचं नाव नको, गिऱ्हाइकाला हवं ते द्या: 'गवताच्या अढीत पिकवलेला हापूस, बागेतून थेट घरी'. 'अढी' हा शब्द आपल्या माणसाला लगेच भिडतो. 'उत्तम दर्जा' कोणीही लिहितं. खाली पेटीत किती डझन, भाव आणि एकच नंबर, ठसठशीत. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क) मिळालं; तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच त्याचा उल्लेख करा.

खरी फजिती छपाईत होते. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, ती पसरते. त्यामुळे गडद हिरव्यावर बारीक पांढरी अक्षरं बुजतात, जोडाक्षरं तर आधी. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिसतच नाहीत. मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवा. रंगीत छपाईत चार शाया एकावर एक छापतात; त्यांचे ठसे जरा सरकले तरी एकाच शाईतलं अक्षर शाबूत राहतं. फोटो एकच, कापलेल्या आंब्याचा, मूळ फाइलमधला. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नको, तो दाबून बारीक झालेला असतो.

पाठवण्याआधी खऱ्या मापात प्रिंट काढून घरातल्या वडीलधाऱ्यांना चष्म्याशिवाय नंबर वाचायला सांगा.