वाढीव वॉरंटी घ्यावी का? घरगुती उपकरणांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही ४२,००० रुपयांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज घेण्याचे ठरवले आहे. संपूर्ण फ्रिजवर कंपनीची एक वर्षाची आणि कंप्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे. दुकानदार आणखी ४,५०० रुपये भरून पुढच्या तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घेण्याचा आग्रह करत आहे. ती घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुकानदार सांगतो आहे त्या किमतीत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रिजमधला सर्वांत महागडा भाग म्हणजे कंप्रेसर, आणि त्याची दहा वर्षांची हमी कंपनीने तुम्हाला आधीच दिलेली आहे. म्हणजे हे ४,५०० रुपये भरून तुम्ही घेणार आहात ती उरलेल्या सुट्या भागांची हमी, आणि तीसुद्धा फक्त दुसऱ्या ते चौथ्या वर्षापर्यंतची. कोणत्याही फ्रिजच्या आयुष्यातली ही वर्षे सहसा सर्वांत कमी कटकटीची असतात, कारण कारखान्यातला दोष असेल तर तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत, कंपनीची वॉरंटी चालू असतानाच बाहेर पडतो, आणि झिजेमुळे होणारे बिघाड त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू होतात.

या काळात जे बिघाड होतात ते कशा प्रकारचे असतात, हेही पाहायला हवे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची नेहमीची तक्रार म्हणजे वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित होतो, पण खालच्या कप्प्यातले दूध नासते. अशा वेळी घरातली माणसे कंप्रेसर गेला असे समजून घाबरतात. प्रत्यक्षात फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पत्र्याआड असलेल्या कॉइलवर बर्फाचा थर चढलेला असतो आणि त्यामुळे पंख्याची थंड हवा खाली पोहोचत नाही. हा बर्फ ठरावीक वेळाने वितळवण्यासाठी तिथे एक छोटा हीटर, एक सेन्सर आणि एक थर्मल फ्यूज असतो, आणि त्यांपैकी एखादा भाग निकामी झाला की हा प्रकार होतो. तो भाग मजुरीसह बदलायला सहसा दोन-अडीच हजारांपेक्षा अधिक खर्च येत नाही. इन्व्हर्टर फ्रिजचा सर्किट बोर्ड गेला तर मात्र खर्च याहून बराच मोठा होतो, हे मान्य करायला हवे. परंतु बोर्ड जळण्याचे नेहमीचे कारण विजेच्या दाबातील चढउतार हे असते आणि वाढीव वॉरंटीच्या बहुतेक कागदांवर नेमके तेच कारण वगळलेले असते.

कंप्रेसरच्या दहा वर्षांच्या हमीबद्दलही एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. ही हमी बहुतेक वेळा केवळ त्या सुट्या भागापुरती असते. सातव्या वर्षी कंप्रेसर गेला तर नवा कंप्रेसर फुकट मिळतो, पण गॅस भरणे, ड्रायर बदलणे, जोडकाम, कारागिराची मजुरी आणि त्यावरचा जीएसटी हे सगळे तुमच्या बिलात येते. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर लेखी मागा: या वाढीव वॉरंटीत गॅस आणि मजुरी धरलेली आहे का? ती धरलेली असेल, वॉरंटी खुद्द फ्रिज बनवणाऱ्या कंपनीची असेल आणि तिची किंमत फ्रिजच्या किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत असेल, तर विचार करायला हरकत नाही. दुकानाच्या किंवा तिऱ्हाईत संस्थेच्या नावाने दिलेल्या कागदात मात्र बहुधा घसाऱ्याची अट असते. फ्रिज दुरुस्त होण्यासारखा नसेल तर दरवर्षी ठरावीक टक्के वजा करून उरलेली रक्कम मिळते, आणि तीही अनेकदा त्याच दुकानाच्या कूपनच्या रूपात. ही अट पैसे भरण्यापूर्वी वाचायला मागितली आणि दुकानदार “कागद नंतर ईमेलवर येईल” असे म्हणाला, तर तिथेच नकार द्यावा.

त्याच ४,५०० रुपयांतला थोडा भाग इलेक्ट्रिशियनकडून घराचे अर्थिंग तपासून घेण्यासाठी आणि गरज असल्यास स्टॅबिलायझरसाठी खर्च केलात, तर फ्रिजचे आयुष्य त्याने अधिक वाढेल. उरलेली रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. ती केवळ फ्रिजसाठी अडकून राहणार नाही, घरातल्या कोणत्याही यंत्राच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : ५५ इंची टीव्हीसाठीही आपला सल्ला हाच आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. मोठ्या टीव्हीची बहुतेक किंमत त्याच्या पॅनेलमध्ये असते आणि पॅनेल गेला तर दुरुस्तीचा आकडा नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. पॅनेल धरलेला आहे असे शब्दांत लिहिलेली, खुद्द उत्पादक कंपनीची वाढीव वॉरंटी वाजवी दरात मिळत असेल तर ती घ्यावी. मात्र चेंडू लागून किंवा टीव्ही पडून पॅनेलला गेलेला तडा त्यात येत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून अगदी जवळ आहे. दोन उन्हाळे झाले, प्रत्येक मार्चमध्ये एसी थंड करणे बंद करतो, कंपनीचा माणूस येऊन गॅस भरून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आम्ही पैसे भरून वाढीव वॉरंटी घेतली होती. आता ते म्हणतात की बाहेरच्या युनिटची कॉइल गंजली आहे आणि गंज वॉरंटीत बसत नाही. आम्ही काय करावे? (एक वाचक भगिनी, रत्नागिरी)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, कारण पहिल्या वर्षीच जे काम व्हायला हवे होते ते झालेले नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि कमी झाला असेल तर याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, एवढाच होतो. गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. रीतसर काम असे असते: नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरायचा, जोडांवर आणि कॉइलवर साबणाचा फेस लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहायचे, ती जागा जोडून घ्यायची, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची आणि मग युनिटच्या पट्टीवर ग्रॅममध्ये जितके वजन छापलेले असते तितकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींमध्ये आर-३२ हा गॅस असतो आणि तो काही प्रमाणात ज्वालाग्राही असल्यामुळे नळ्यांत गॅस असताना जोडकामाची ज्योत लावणाऱ्या कारागिराला तिथेच थांबवावे.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत कॉइलचे ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे पांढरी भुकटी होऊन झडू लागतात, आणि जिथे तांबे व ॲल्युमिनियम एकत्र येतात तिथे गंज अधिक वेगाने धरतो. मालवणपासून डहाणूपर्यंत सगळीकडे हे घडते आणि एसी विकणाऱ्याला ते ठाऊक असते. रत्नागिरीत गंज वगळणारी वॉरंटी विकणे मला अयोग्य वाटते, कारण इथे एसीला सर्वांत मोठा धोका गंजाचाच आहे. बाहेरचे युनिट महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुतले तर मीठ साचत नाही. नवा एसी घेताना कॉइलवर गंजरोधक लेप आहे का हे विचारावे आणि युनिट शक्यतो समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर बसवू नये.

आता तक्रारीबद्दल. दोन्ही वर्षांची जॉब शीट, म्हणजे कारागिराने केलेल्या कामाची नोंद असलेले कागद, शोधून ठेवा. त्यांवर फक्त “गॅस चार्जिंग” लिहिलेले असेल आणि गळती तपासल्याचा उल्लेख नसेल, तर तो तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. सेवेतील त्रुटीचा हा मुद्दा गंजाच्या मुद्द्यापेक्षा आधी मांडा. गंजाची अट खरेदीपूर्वी दाखवली नव्हती, हे खरे असेल तर तेही लिहा. प्रथम कंपनीला आणि वॉरंटी देणाऱ्या संस्थेला लेखी तक्रार पाठवा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. तेवढ्याने काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्हाला तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत आहे म्हणून तिकडे जावे लागत नाही. भरलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून “पुढच्या उन्हाळ्यात बघू” असे म्हणू नका.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. पाच वर्षांच्या फ्रंट-लोड वॉशिंग मशीनने धुणे सुरू केले की थोड्या वेळाने घराचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. सर्व्हिस सेंटरने सर्किट बोर्ड बदलण्याचे ९,००० रुपये सांगितले आणि शिवाय एएमसी (वार्षिक देखभाल करार) घेण्याचा सल्ला दिला. नवे मशीन घ्यावे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : तूर्त नवे मशीन घेऊ नका आणि ९,००० रुपयेही देऊ नका. आरसीसीबी लगेच न पडता थोड्या वेळाने पडतो, या तुमच्या निरीक्षणात उत्तराची दिशा आहे. पाणी भरून झाल्यावर मशीन ते तापवायला सुरुवात करते, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार हीटरवर थर धरून बसल्यामुळे हीटर अति तापून त्याचे आवरण तडकते व वीज पाण्यात उतरते. मशीन थंड पाण्याच्या सेटिंगवर लावून पाहा. आरसीसीबी पडला नाही तर संशय हीटरवरच घ्यावा. हीटर हा बोर्डच्या तुलनेत बराच स्वस्त भाग आहे. तो मीटरने तपासून घेईपर्यंत गरम पाण्याचे धुणे करू नका, आणि आरसीसीबी सतत पडतो म्हणून तो काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका, कारण जिवाचे रक्षण तोच करतो आहे.

समजा बोर्डच गेलेला निघाला, तरी सर्व्हिस सेंटर अख्खा बोर्ड बदलते, तर बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर त्यातला एखादा रिले, कपॅसिटर किंवा पॉवर सप्लायचा भाग बदलून तो अनेकदा चालू करून देतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सुटे भाग मिळतात, आणि लातूरसारख्या शहरातही असे काम करणारे लोक असतात. बोर्डवर राळेचा जाड थर ओतलेला असेल तर मात्र दुरुस्ती अवघड होते. काम कुणाकडूनही करून घ्या, पण काढलेला जुना भाग परत मागा आणि बदललेल्या भागाचे नाव असलेले बिल घ्या.

एएमसी दोन प्रकारची असते. एकीत सुटे भाग धरलेले असतात, दुसरीत केवळ भेटी आणि मजुरी. तुम्हाला सुचवलेली कोणती, ते आधी विचारा. पाच वर्षांच्या मशीनसाठी दुसऱ्या प्रकारची एएमसी घेण्यात मला फायदा दिसत नाही. महिन्यातून एकदा सायट्रिक ॲसिड घालून रिकामे मशीन चालवण्याने क्षार निघून जातात. ही सफाई हीटर बदलून आरसीसीबीची तक्रार मिटल्यावरच, गरम पाण्यावर करावी.

प्रश्न : ऑनलाइन मिक्सर घेतला. पैसे भरल्यावर लक्षात आले की बिलात ३९९ रुपयांची वाढीव वॉरंटी आपोआप जोडलेली होती. पैसे परत मिळतील का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मागा, आणि ठामपणे मागा. ग्राहकाच्या संमतीशिवाय शेवटच्या टप्प्यावर बिलात वस्तू किंवा सेवा घुसडणे, हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नाव घेऊन निषिद्ध ठरवलेला प्रकार आहे. विक्रेत्याच्या ग्राहकसेवेला या तत्त्वांचा उल्लेख करून लिहा, सोबत बिल आणि ऑर्डरच्या पानाचे स्क्रीनशॉट जोडा, आणि उत्तर आले नाही तर १९१५ वर तक्रार नोंदवा. मिक्सरवरची कंपनीची मूळ वॉरंटी या परताव्यामुळे रद्द होत नाही. तिच्यासाठी खरेदीचे बिल पुरेसे असते, म्हणून ते आजच डाउनलोड करून ठेवा.